आठ तुकड्यांचा अर्ज

ऑफिसातलं इंटरनेट सोमवारी सकाळी बंद पडलं, याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. पण नेमके त्याच सोमवारी साहेब प्रशिक्षणावरून परत आले आणि सगळी पंचाईत तिथून सुरू झाली.

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. 'इंटरनेट : प्राथमिक ओळख'. त्याआधी साहेबांचा इंटरनेटशी संबंध एवढाच, की ते बंद पडलं की साहेब कारकुनांवर ओरडत आणि चालू असलं की डुलकी काढत. आता त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं. ते टेबलाच्या काचेखाली सरकवून त्यांनी तळमजल्यावरच्या सगळ्यांना समोर बोलावलं.

"समजा, तुम्हाला एक पत्र वर मोठ्या साहेबांकडे पाठवायचंय. कसं पाठवाल?"

"पाकिटात घालून," आवक-जावक कारकून म्हणाला. आवक आणि जावक दोन्ही तोच बघायचा, पण सगळे त्याला जावकरावच म्हणत.

"चूक. इंटरनेटवर पत्र अखंड जातच नाही. त्याचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक. मग एक तुकडा या वाटेनं, दुसरा त्या वाटेनं, जी मोकळी असेल तिनं. पलीकडे क्रमांकानुसार जोडायचे, की झालं पत्र. एखादा तुकडा हरवला, म्हणजे त्याची पोच आली नाही, तर तेवढाच परत पाठवायचा."

"पण साहेब, तुकडे करायचेच कशाला?" शिपाईमामांनी विचारलं. मामांची नोकरी तीस वर्षांची होती आणि त्यांनी आजवर एकही कागद फाडला नव्हता.

"जगभर तसंच चालतं, मामा. जग काय खुळं आहे?"

साहेबांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, की इंटरनेट दुरुस्त होईपर्यंत ऑफिसानंच इंटरनेट व्हायचं. वर मोठ्या साहेबांना त्यांनी टेलिफोन करून सांगूनही टाकलं, की तार तुटली तरी आपलं काम अडणार नाही. मोठ्या साहेबांना काही कळलं नाही, पण काम अडणार नाही एवढं कळलं आणि ते बरं म्हणाले.

पाऊण तासात सगळ्यांच्या नेमणुका झाल्या. इमारतीला दोन जिने होते, पुढचा आणि मागचा. विषम क्रमांकाचे तुकडे पुढच्या जिन्यानं आणि सम क्रमांकाचे मागच्या, म्हणजे कुठल्याच जिन्यावर गर्दी नको. मामांना दोन्ही जिन्यांच्या मधोमध स्टुलावर बसवलं. तुकडा पुढे कुठे जातो ते त्यांनी बघायचं नाही, फक्त कुठल्या जिन्यानं जायचा तेवढं बघायचं. टेलिफोनवरच्या ताईंना नावं आणि खोल्या तोंडपाठ, म्हणून नाव सांगितलं की खोलीचा नंबर देणं त्यांच्याकडे आलं. "हे मी बावीस वर्षं करतेय," असं त्या म्हणाल्या, तेव्हा साहेबांनी त्यांना त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. ताईंना ते मुळीच आवडलं नाही. चौथ्या मजल्यावर टंकलेखिकाबाई डिंकाची बाटली घेऊन तुकडे जोडायला बसल्या. आणि वाईटसाईट काही वर जाऊ नये म्हणून दारावरच्या पहारेकऱ्याला मागच्या जिन्याच्या टोकाला उभं केलं. पुढच्या जिन्याला कुणी नव्हतं, कारण पहारेकरी एकच होता.

एक गोष्ट मात्र राहिली. प्रत्येक तुकड्यावर तो कुठल्या पत्राचा आहे, ही खूणही असावी लागते. प्रशिक्षणात ते सांगितलं होतं. पण नेमकं तेव्हाच साहेब चहा प्यायला बाहेर गेले होते.

जावकरावाला या सगळ्याची गंमत वाटली असती, पण त्याच्या टेबलाच्या खणात एक अर्ज होता. त्याची बायको नदीपलीकडच्या गावी शाळेत शिकवायची. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत दोघांचा संसार फक्त रविवारी चालायचा. आता तिला सातवा महिना होता. तिकडच्या शाखेत एक जागा रिकामी झाली होती. एरवी त्या शाखेत नाव घेण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या ऑफिसांतल्या मोडक्या खुर्च्या, कपाटं जिथं जमा होतात ते गोदाम तेवढं होतं. त्या जागेसाठी अर्ज करायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती.

"साहेब, हा एवढा अर्ज मी स्वतः वर नेऊन देऊ?"

"पाठवणाऱ्यानं पत्राबरोबर स्वतः जायचं नसतं. इंटरनेटवर कुणी कधी स्वतः गेलेलं ऐकलंय?"

"तसं नाही, पण मुदत—"

"अहो, विजेच्या वेगानं जातं ते. करा आठ तुकडे."

जावकरावानं पट्टी लावून अर्जाच्या आठ ओळींचे आठ तुकडे केले. तेवढ्यात शेजारच्या नकाशा विभागाचाही एक अर्ज आला. त्यांच्या दारात पाण्याचा एक कूलर होता आणि त्याच्याविषयी त्यांची तक्रार होती. योगायोग बघा, तीही आठच ओळींची. दोन्हींचे तुकडे मामांच्या मांडीवर पडले. मामांनी ते इमानानं वेगळे केले आणि विषम पुढे, सम मागे असे वर चढवले.

पुढच्या जिन्यानं जावकरावाचे तुकडे आधी पोचले. मागच्या जिन्यावर पहारेकऱ्यानं मात्र त्याचे चारही तुकडे अडवले. त्याचं असं झालं, की त्यातल्या एकावर लिहिलं होतं, 'आमची भेट फक्त रविवारी होते.'

"कुणाची भेट?" पहारेकऱ्यानं खाली ओरडून विचारलं.

"मला काय ठाऊक? मी फक्त जिना बघतो," मामा खालून म्हणाले.

"आणि हे 'सध्या सातवा महिना असून सोबतीची गरज आहे' काय?"

"मामला खासगी दिसतोय."

"खासगी आहे म्हणूनच अडवलंय," पहारेकरी म्हणाला. त्यानं नकाशा विभागाचे तुकडे तेवढे पुढे सोडले, कारण कूलर गळतो याबद्दल त्याचीही तक्रार होती.

साडेतीन वाजले तरी चार तुकड्यांची पोच आली नाही. जावकराव साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, पोच नाही तर परत पाठवा, नियमच आहे. त्यानं चार ओळी पुन्हा लिहून पाठवल्या. चारला पुन्हा. सव्वाचारला आणखी एकदा. मागच्या जिन्यावर पहारेकऱ्याच्या हातात आता 'आमची भेट फक्त रविवारी होते' हे चार वेळा आलं होतं. एकच मजकूर इतक्यांदा येतोय म्हणजे हा हल्लाच असणार, असं त्याला वाटलं. त्यानं शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून साहेब धावत आले आणि भलतेच खूश झाले, कारण असा हल्ला प्रशिक्षणातही शिकवला होता.

"साहेब, हल्ला नाही हो, माझा अर्ज आहे तो," जावकराव काकुळतीला येऊन म्हणाला. "बायकोला सातवा लागलाय. पाच वाजायला आलेत. जाऊ द्या ना त्याला वर."

साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनी पहारेकऱ्याला समज दिली आणि एकेक प्रत वर सोडायला लावली. तेव्हा पावणेपाच झाले होते.

इकडे चौथ्या मजल्यावर टंकलेखिकाबाई केव्हाच कामाला लागल्या होत्या. एक ते आठ असे आठ तुकडे जमले की एक पत्र, एवढंच त्यांना सांगितलं होतं. जावकरावाचे एक, तीन, पाच, सात आले होते, नकाशा विभागाचे दोन, चार, सहा, आठ आले होते. बाईंनी ते डिंकानं चिकटवले आणि नीट वाळवले. मग उरलेले आले, तेही चिकटवले. मोठ्या साहेबांसमोर दोन सुबक अर्ज गेले. वीस वर्षं न वाचता सही करणाऱ्या मोठ्या साहेबांनी आज नवलाईपोटी दोन्ही वाचून काढले.

पहिला अर्ज असा होता : 'विषय, बदली मिळण्याबाबत. आमच्या दारात गेली चार वर्षे पाण्याचा कूलर उभा आहे. पत्नी नदीपलीकडच्या गावी असते. त्यातून फक्त रविवारी थंड पाणी येते. तेथील शाखेत एक जागा रिकामी आहे. खाली कायम बादली ठेवावी लागते. तरी त्या जागेवर नेमणूक करावी. आपला नम्र, नकाशा विभाग.'

दुसरा असा : 'विषय, तक्रार. मी या कार्यालयात गेली चार वर्षे काम करीत आहे. दिवसभर घरघरतो व खालून गळतो. आमची भेट फक्त रविवारी होते. दोनदा दुरुस्त करूनही उपयोग झाला नाही. सध्या सातवा महिना असून सोबतीची गरज आहे. तरी त्वरित येथून हलवावे अथवा मोडीत काढावे. आपला नम्र, आवक-जावक कारकून.'

मोठ्या साहेबांना दोन्ही अर्जदारांची दया आली. त्यांनी पाचाच्या आत दोन्ही आदेश काढले. आदेशही अर्थातच आठ आठ तुकड्यांत खाली आले.

जावकरावाच्या आदेशाचे एक, तीन आणि सात हे तुकडे आधी पुढच्या जिन्यानं आले. 'अर्जदाराची विनंती'. 'मान्य करण्यात येत आहे'. 'नदीपलीकडच्या शाखेच्या'. त्याला रडूच आलं. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, टेलिफोनताईंनी डोळे पुसले आणि साहेबांनी "बघा, पोचलं की नाही?" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. मग पाचवा तुकडा आला.

"'उपयोग होत नसल्याने'," मामांनी वाचलं.

"कुणाचा?"

"तुमचा इथं होत नसल्यानं, असं असेल. तिकडे होईल."

मग मागच्या जिन्यानं बाकीचे एकदम आले. ताईंनी ते टेबलावर क्रमानं मांडले आणि हळू आवाजात वाचले. "'अर्जदाराची विनंती सहानुभूतीपूर्वक मान्य करण्यात येत आहे. दोनदा दुरुस्त करूनही उपयोग होत नसल्याने त्यास मोडीत काढून नदीपलीकडच्या शाखेच्या गोदामात जमा करावे.'"

मग जावकराव उठला आणि नियम मोडून, जिन्यातल्या तुकड्यांना ओलांडत, स्वतःच्या पायांनी चौथ्या मजल्यावर गेला. मोठे साहेब निघायच्या तयारीत होते.

"साहेब, तो अर्ज माझा होता. ती रिकामी जागा मला हवी होती."

"ती कूलरला दिली. तुमच्या आधी त्याचा अर्ज आला. त्याची पत्नी तिकडे असते."

"साहेब, कूलरला पत्नी कशी असेल?"

मोठे साहेब विचारात पडले. "तिकडच्या शाखेत एक जुना फ्रिज आहे खरा," ते म्हणाले.

"पण साहेब, मी माणूस आहे."

मोठ्या साहेबांनी चिकटवलेला अर्ज पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "अर्जात तसा उल्लेख नाही," ते म्हणाले, आणि पाच वाजून दोन मिनिटांनी त्यांनी छत्री उचलली.

खाली येऊन जावकरावानं बायकोला टेलिफोन लावला. चार वर्षांत त्याला इतकं अपराधी कधीच वाटलं नव्हतं.

"अहो, काय झालं?"

"ती जागा कूलरला मिळाली."

"बरं. आणि तुम्हाला?"

"मला मोडीत काढलंय. गोदामात जमा व्हायचंय."

ती रडायला लागेल असं वाटून त्यानं टेलिफोन कानापासून जरा लांब धरला.

"कुठलं गोदाम?" तिनं विचारलं. "आमच्या शाळेच्या मागचं?"

"हो."

"मग या की. काय बिघडलं?"

जावकराव टेलिफोन हातात धरून तसाच उभा राहिला. दिवसभरात इतकं सरळ कुणीच बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आणि कूलर एकाच टेम्पोनं नदी ओलांडून गेले. कूलरला टेबलामागची जागा मिळाली आणि हजेरीपटावर त्याचं नाव चढलं. गोदामाच्या रखवालदारानं जावकरावाची जडवस्तू नोंदवहीत नोंद केली : 'कारकून, जुना, एक नग. स्थिती चालू.' पगार मात्र ठरल्या तारखेला येत राहिला, कारण तो कॉम्प्युटर काढायचा आणि कॉम्प्युटरला कुणी तुकडे पाठवले नव्हते. कूलरचं काम कूलरला येत नव्हतं, म्हणून तेही जावकरावच करायचा. शाखेत सगळे कूलरच्या कामावर खूश होते.

वर्ष होत आलं तेव्हा मुख्य ऑफिसातून लिफाफा आला. त्यात बदलीचा आदेश आहे हे कळताच जावकराव हातातलं काम टाकून उठला. मुलगी आता नऊ महिन्यांची झाली होती आणि धरून उभी राहायला लागली होती. त्यानं शाखेच्या प्रमुखांना विचारलं, "माझी आहे का हो?"

प्रमुखांनी चष्मा लावून आदेश वाचला. "कूलरची आहे. काम चोख म्हणून त्याला परत बोलावलंय, बढतीवर."

"आणि मी?"

"तुम्ही कसे जाल? मोडीत काढलेल्या मालाची बदली करता येत नाही. तसा नियमच आहे."

जावकराव पाच वाजता निघाला आणि शाळेच्या मागच्या गल्लीतून पाच वाजून पाच मिनिटांनी घरी पोचला. बायकोनं दार उघडलं आणि मुलीला त्याच्या हातात दिलं. "हिला धरा जरा, वह्या तपासायच्यात माझ्या," ती म्हणाली आणि आत गेली. तो मुलीला घेऊन दारातच बसला. त्या दिवशी सोमवार होता.