वसुधाताई आणि मरणाची चौकशी

लखनौमधल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत, तोंडात मोदक असलेल्या माणसाला कोणी विचारतं का, "शेवट घरी हवा की हॉस्पिटलात?" आमच्या वसुधाताई विचारतात. खजिनदार मिश्राजींना असा ठसका लागला की पाणी आणायला धावाधाव झाली. "घाबरले! म्हणजे विचारच केलेला नाही," असं म्हणून ताईंनी दुसरा मोदक उचलला.

ताई माझ्या शेजारीण. एकट्या राहतात. इथल्याच कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. विषय म्हातारपण, आजारपण आणि मरण! हजरतगंजहून चिनहटला ऑटोने निघाल्या, तर उतरेपर्यंत ऑटोवाल्याच्या वडिलांचं पथ्यपाणी ह्यांना पाठ. आणि म्हाताऱ्या माणसासमोर कोणी त्याच्या मुलाला विचारलं, "खाना खा रहे हैं?" की ताई कडाडल्याच, "अरे भाई, उन्हीं से पूछिए!" विद्यार्थ्यांना पहिला धडाही हाच.

मागच्या थंडीत माझी आई आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन करून बघू, खात्री मात्र नाही. मी बँकेतून धावत आलेली, पुण्याहून भाऊ फोनवर. करायचं, नाही करायचं, यावरून आम्ही कॉरिडॉरमध्ये अगदी हमरीतुमरीवर आलो. सोबतीला आलेल्या ताईंनी माझा फोन घेऊन स्पीकरवर टाकला आणि मला दंडाला धरून आत नेलं. "हं, विचार तिला."

मी आईच्या पलंगाशी वाकले. कसंबसं विचारलं. आई म्हणाली, "आता चिरफाड नको. मला घरी ने. आणि जाताना इथल्या भैयाला सांग, खिचडीत मीठ घालतात म्हणावं."

भाऊ तिकडे रडता रडता हसला. तेवढ्यात नर्स वाकून ताईंच्या पाया पडली, "मैडम, आपकी स्टूडेंट हूँ." माझी छाती अशी फुगली, जणू काही मीच तिला शिकवलं होतं! खरंच, एवढा अभिमान मला स्वतःच्या प्रमोशनचाही वाटला नव्हता.

आईला घरी आणलं, तशा ताई रोज संध्याकाळी यायला लागल्या. मला वाटलं, आता आईची मुलाखत घेणार. छे! तिसरी म्हणून मला ओढून बसवायचं आणि पत्त्यांचं पाच-तीन-दोन खेळायचं. आई राजरोस लबाडी करायची. "मावशी, हा रडीचा डाव आहे!" ताई ओरडायच्या. आई म्हणायची, "कॉलेजात शिकवायचं ते तिकडे!"

उन्हाळा लागायच्या आत आई गेली. आपल्या पलंगावर, आम्हा दोघींचे हात धरून.

तेरावं झालं, पाहुणे गेले. संध्याकाळी बेल वाजली. दारात ताई. आत येऊन आईच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मी चहा आणला, तर ही जन्मभर मरण शिकवत आलेली बाई ढसाढसा रडत होती.

"विद्यार्थी पुष्कळ आहेत गं मला," त्या म्हणाल्या. "पण घरच्यासारखं भांडणारी तीच एक होती."

मी शेजारी बसले. चहाचा कप त्यांच्या हातात दिला. मग पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं,

"दोघींत काय खेळतात गं?"