टाकीतला रक्तगट

"काचेच्या भांड्यात जमतं ते टाकीत का जमणार नाही? भात दोघांचा रांधला काय नि लग्नाचा रांधला काय!" विभागप्रमुख गिरीराजांनी मालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. घरी त्यांना कुणी चहासुद्धा करू देत नसे, ही गोष्ट वेगळी!

बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या त्या कारखान्यात रक्तगट तपासायची प्रतिपिंडं बनत. ती तयार करणाऱ्या नाजूक पेशी काचेच्या भांड्यात मजेत वाढायच्या. आता त्यांची रवानगी पाचशे लिटरच्या टाकीत झाली होती. टाकी गिरीराजांनीच एका बुरशी वाढवणाऱ्या कारखान्याकडून जुनी उचलली होती. हा माल बिघडला तर विभागाला कुलूप, असं मालकांनी बजावलं होतं.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या दिवशी गिरीराजांनी टाकीतल्या नमुन्यात स्वतःच्या बोटाचं रक्त टाकलं. टाकीतली प्रतिपिंडं ए गट ओळखणारी आणि त्यांचा गट ए, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या व्हायलाच हव्यात. एकही झाली नाही!

"म्हणजे मी ओ गटाचा? जन्मापासून ए आहे मी!" ते कडाडले. "टाकीपुढे कापूर कुणी पेटवला? हवेच्या नळीत धूर गेला! देवाप्पा!"

बेळगावकडचा मेकॅनिक देवाप्पा कुंकू लावूनच आला. "आजच्या दिवशी पूजा करायला पायजेच की, साहेब."

"तुझ्या पूजेनं माल नासला! उद्यापासून येऊ नकोस!"

आता प्रयोगशाळेतली संयोगिता भडकली. "सर, पूजा काचेच्या भांड्याचीही झालीय. तिथलं प्रतिपिंड उत्तम आहे! ही ढवळणी बुरशीसाठी केलेली. ताक घुसळावं तशी फिरते, फेस येतो आणि फेसात प्रतिपिंडं मोडतात. टाकी घेतलीत तेव्हाच मी सांगितलं होतं!"

"मग बंद करा ती!"

"पेशी तळाला बसून गुदमरतील."

"हळू फिरवा!"

"मोटारीला वेग एकच आहे. टाकीकडची पुली मोठी बसवली तर हळू होईल. पण आजच. उद्यापर्यंत सगळं संपेल."

गिरीराजांनी राग कसाबसा गिळला. "देवाप्पाण्णा, उद्या ये, परवा ये, कायमचा ये! पण पुली आत्ता बदल!"

"बदलतो की. पर नट खोलायचे पाने देवापुढं ठेवल्यात. पूजेच्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई."

"आणि बिनपूजेचा पाना आणला तर?"

"मग काय अडचण न्हाई."

गिरीराजांनी स्कूटरला लाथ मारली. देवाप्पाला, आयुधपूजेला आणि पुढ्यात आलेल्या प्रत्येक हार घातलेल्या रिक्षाला शिव्या घालत त्यांनी शिवाजीनगर गाठलं. दुकानामागून दुकानं बंद! अखेर एका बोळात कोरा करकरीत पाना मिळाला. घामाघूम होऊन परत आले आणि विजयी मुद्रेनं त्यांनी तो देवाप्पाच्या हातात ठेवला.

"बेस हाय!" म्हणत देवाप्पानं त्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि इतर पान्यांशेजारी देवापुढं ठेवून हात जोडले.

"अरे, हे काय केलंस!"

"नवं हत्यार, साहेब. आजच्या दिवशी तसंच वापरायचं व्हय? उद्या सकाळी पयलं काम तुमचंच."

टाकीत फेस चढतच होता. गिरीराजांनी ओरडायला तोंड उघडलं. पण सगळ्यांवर ओरडून झालं होतं. राहिले होते ते स्वतःच.