खूणसुद्धा मागे ठेवायची नाही

"बेट कुठलंही घ्या, खोली मला वेगळी पाहिजे. आणि खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे," असं फौजदारीणबाईंनी जाहीर केलं आणि जेवणाच्या टेबलावरचं भांडण निम्म्यावर आलं.

त्यांच्या घराण्यात कुणी फौजदार नव्हता. नाव गल्लीनं ठेवलं होतं, आणि ते चुकीचं आहे असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई माहेरी भावंडांच्या रांगेत झोपल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या घोरण्याशेजारी झोपल्या, आणि तो बिचारा गेल्यावर शेजारी नात आली, तर ती झोपेत लाथा घालते. आयुष्यात एकदा दार लावून, पाय पसरून, एकटीनं झोपायचं, एवढीच त्यांची हौस होती.

भांडण मुलगा आणि सून यांचं, सुट्टीत कुठल्या बेटावर जायचं यावरून. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. वर्षभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून त्याला आता मोठ्या बेटावरचं, पोहायचा तलाव असलेलं हॉटेल हवं होतं. सून दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. लोकांच्या तोंडातली घाण बघता बघता तिला जगातली सगळीच घाण दिसायला लागली होती.

"अख्खा समुद्र समोर असताना तलाव कशाला?" सून म्हणाली. "त्या बेटावर लोकांना प्यायला पाणी पुरत नाही आणि हे तलाव भरून बसतात. आपण धाकट्या बेटावर जाऊ. तिथल्याच बाईचं घर आहे, मोजक्या खोल्या आहेत. विमान नको, आगगाडीनं जाऊ, पुढे बोट."

"आणि तिथे जाऊन करायचं काय?"

"काय नाही करायचं ते ऐक. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, प्लॅस्टिक न्यायचं नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. तिथलं काही आणायचं नाही, आपलं काही टाकायचं नाही. आपण येऊन गेलो याची खूणसुद्धा मागे ठेवायची नाही."

"मग न गेलेलंच बरं की! तेवढी खूण आपोआप राहणार नाही."

"ती बरोबर बोलतेय," फौजदारीणबाई कडाडल्या. "दुसऱ्याची वस्तू जिथली तिथे, ही माझी पहिल्यापासूनची शिस्त. परक्या घरी पसारा घालणाऱ्यांची मला शिसारी येते."

सासूनं आपली बाजू घेतलेली बघून सून इतकी दचकली की पुढचे मुद्देच विसरली. मुलाची समजूत पुढच्या वर्षी तलाववालं हॉटेल घ्यायचं, या वचनावर काढली गेली. त्यानं ते सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं. बायको आणि आई एका बाजूला असल्या की माणसानं सावध राहावं, एवढं त्याला कळत होतं.

बेटावरची खोली बाईंना बघताक्षणी आवडली. वरचा मजला, पांढऱ्या भिंती, आणि किल्लीला अडकवलेला करवंटीचा तुकडा. फक्त कॉट मागच्या भिंतीला होती. पडल्या पडल्या दिसायचं ते कपाट.

"ही खिडकीशी ने," त्यांनी मुलाला हुकूम सोडला.

"आई, अगं, दुसऱ्याच्या घरातलं सामान..."

"जाताना परत ठेवू. कपाट बघायचं असतं तर घरीच नसते का राहिले? ओढ!"

त्या रात्री दार लावून, पाय पसरून, लाटा ऐकत बाई जी झोपल्या, त्या सकाळीच उठल्या.

सकाळी सगळ्यांना शिडाच्या होडीनं पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं होतं. आणि खोली झाडायला एक बाई येणार होती. आता झाडणारी येणार म्हटल्यावर त्याआधी झाडून घ्यायला नको? परकी बाई येऊन आपलं अंथरूण बघणार म्हणजे अब्रूचाच प्रश्न. फौजदारीणबाईंनी चादरीच्या घड्या घातल्या, आरसा पुसला, न्हाणीघर घासून कोरडं केलं. फरशी पुसताना बॅग मध्ये यायला लागली, म्हणून ती नेऊन मुलाच्या खोलीत ठेवली. फरशी वाळायच्या आत खालून "आई, चला!" अशी हाक आली. बाई चवड्यांवर तोल सावरत बाहेर पडल्या आणि किल्ली खाली, किल्ल्यांच्या फळीवर, जिथली तिथे, खिळ्याला टांगून गेल्या. खोलीत माणूस राहिलं होतं याची एक खूण उरली नव्हती. सुनेच्या नियमाचं इतकं कडक पालन सुनेनंही कधी केलं नसेल.

संध्याकाळी परतल्या, तर खिळा रिकामा. वर जाऊन बघतात तर दार आतून बंद आणि आत हसण्याचे आवाज. बाईंनी दार ठोठावलं. ओल्या केसांचा एक तरुण टॉवेल सावरत डोकावला.

"कोण पाहिजे?"

"मीच पाहिजे! ही माझी खोली आहे."

"आजी, तुम्ही चुकून वर आलात वाटतं."

"आजी कुणाला म्हणतोस? आधी तो टॉवेल नीट गुंडाळ!"

गलका ऐकून मालकीण धावत आली, मुलगा-सून आले, झाडणारीही आली. ती म्हणाली, "खोली अशी लख्ख, की मला वाटलं, मीच मघाशी झाडून विसरले. किल्ली खिळ्यावर. आणि बघते तर ह्यांची बॅग मुलाच्या खोलीत."

"म्हणून मला वाटलं, तुम्ही खोली सोडलीत," मालकीण ओशाळून म्हणाली. "एकटीला झोपायची भीती वाटली असेल."

"भीती? मला?"

मुलानं घाईघाईनं छताकडे पाहिलं.

मालकिणीची अडचण खरी होती. ह्या जोडप्याचं लग्न गेल्याच आठवड्यात झालेलं, त्यांनी बॅगा उघडून कपडे लावलेले. मागची एक खोली रिकामी होती, पण तिच्या खिडकीतून स्वयंपाकघराची भिंत दिसायची. तिकडे आता कुणी जायचं?

"आम्ही आलो तेव्हा ह्यांचा एक केससुद्धा नव्हता खोलीत," तरुण म्हणाला. "सोडलेलीच दिसत होती."

फौजदारीणबाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या स्वच्छतेचा राग आला.

तेवढ्यात आतून नवी नवरी बोलली, "आम्ही नाही सोडणार. पडल्या पडल्या समुद्र दिसतो हो! खिडकीशी कॉट आणखी कुठे मिळणार?"

"खिडकीशी?" मालकीण चमकली. "माझ्या घरात एकही कॉट खिडकीशी नाही."

"ऐकलंत?" बाई गरजल्या. "ती मी सरकवून घेतली. खोली सोडायची असती, तर कॉट परत भिंतीशी नसती नेली? अहो, मी किल्लीसुद्धा खिळ्यावर टांगून जाते!"

"खरंय," सून पुढे आली. "आमच्या आई खोली सोडतील तेव्हा तो खिळासुद्धा सरळ करून जातील."

नवरीनं शेवटचा प्रयत्न केला. "पण आमचं नवीन लग्न आहे..."

"म्हणूनच सांगते," बाईंचा आवाज थोडा उतरला. "लग्न नवीन आहे, तर तुम्ही एकमेकांकडे बघा. भिंत असली तरी चालते. समुद्राकडे मी बघते."

आधी नवरी हसली, मग नवराही, आणि बॅगा मागच्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई निघताना टॉवेल खुर्चीवर फेकायच्या, कंगवा उशीवर ठेवायच्या आणि एक चप्पल बरोबर खोलीच्या मधोमध. किल्ली स्वतःच्या पिशवीत.

"आई, तुम्ही आणि पसारा?" सून बघतच राहिली.

"पसारा नाही, पुरावा."

निघायच्या दिवशी मात्र सगळं पहिल्यासारखं लख्ख झालं. मुलानं कंबर धरत कॉट भिंतीकडे ओढायला घेतली, तर मालकीणच दारात आडवी आली. "राहू द्या. बाकीच्याही मी खिडकीशी न्यायला सांगितल्यात." ही खूण मागे राहिलीच की, असं सून म्हणणार होती, पण सासूच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून तिनं बॅग उचलली.

मोठ्या बोटीनं किनारा सोडला. नातीला रुमाल द्यायला बाईंनी पिशवीत हात घातला, आणि हाताला लागला करवंटीचा तुकडा.

"आई!" सून ओरडली. "तिथलं काही आणायचं नाही म्हणून ठरलं होतं ना! बोट वळवायला सांगूया का?"

"एका किल्लीसाठी?" फौजदारीणबाईंनी पिशवीचं तोंड आवळलं. "केवढा तो धूर, केवढं ते तेल! खाली मासे राहतात, त्यांचा काही विचार? मालकिणीकडे दुसरी आहे. ही मी स्वतः येऊन खिळ्यावर टांगेन. पुढच्या वर्षी. दुसऱ्याची वस्तू जिथली तिथे!"

सुनेला नियमात कुठे बोट ठेवावं ते सापडेना, आणि सापडू नये असंच तिला वाटत होतं.

"पण पुढच्या वर्षी तलाव ठरलाय," मुलगा म्हणाला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्यानं तो तलाव तिथेच, भर समुद्रात, सोडून दिला.