गांजा, साळूसह, आठ शेर

एका जंगलात कायदा होता, मुलांनो. जंगलात कायदा कशाला, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. विचारणाऱ्यांसाठी त्या जंगलात आणखी एक कायदा होता.

या जंगलाच्या उतरणीवर गांजाची झुडपं उगवायची. ती कुणी लावली नव्हती. गवत उगवतं तशी ती उगवायची. या झुडपाची पानं घोटली की भांग होते. भांग दर शिमग्याला राजेसाहेबांच्या गुहेपाशी वाटली जायची. राजेसाहेब म्हणजे वाघ. पहिला द्रोण ते स्वतः घ्यायचे, दुसरा प्रधान घ्यायचा, तिसरा फौजदार. ही परंपरा होती.

त्याच झुडपाचे वरचे शेंडे म्हणजे गांजा. तो जवळ सापडला की गुन्हा. म्हणजे ते झुडूप कमरेखाली संस्कृती होतं आणि कमरेवर गुन्हा होतं.

कायदा साधा होता. मूठभर गांजा सापडला तर नुसती तंबी. शेरभर किंवा त्याहून जास्त सापडला तर सापडलेला प्राणी व्यापारी समजावा. व्यापाऱ्याला तीन पावसाळे तुरुंग.

उतरणीच्या पायथ्याशी येसू नावाची साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळे-पांढरे काटे असतात ना, तेच. पिल्लांचा बाप हिवाळ्यात कड्यावरून पडून गेला होता. बिळात महिन्याभराची दोन पिल्लं होती. थोरला खंडू आणि धाकटी मंजुळा. थोरला म्हणजे अर्ध्या घटकेनं थोरला.

एका सकाळी येसू कंद उकरायला उतरणीवर गेली. परत येताना तिनं झुडपांतून वाट काढली. ते दिवस शेंड्यांना चीक धरण्याचे होते. चार-सहा शेंडे तिच्या काट्यांना चिकटले. तिला कळलंच नाही. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

खाली तरस फौजदार उभा होता. त्या महिन्यात त्यानं तीन व्यापारी पकडावेत असा वरून हुकूम होता. महिना संपायला एक दिवस उरला होता आणि व्यापारी एकही मिळाला नव्हता.

"थांब," तरस म्हणाला. "पाठीवर काय आहे?"

"काटे, साहेब."

"काट्यांत काय आहे?"

येसूनं मागे वळून पाहिलं. तिच्याबरोबर पाठही वळली.

"मला नाही दिसत, साहेब. काय आहे?"

"गांजा."

"अगं बाई! मग काढून टाका ना. मला काय करायचाय तो?"

तरसानं पंजा घातला. पंजात काटा घुसला. त्यानं आधी 'सरकारी पंजावर हल्ला' असं लिहून घेतलं. मग पुन्हा प्रयत्न केला. शेंडे चिकानं घट्ट बसले होते, काही केल्या सुटेनात. शेवटी त्यानं येसूलाच उचलून तराजूत बसवलं आणि पंचनामा लिहिला : गांजा, साळूसह, आठ शेर.

खटला गव्यापुढे आला. गवा मोठा विद्वान न्यायाधीश होता. प्रत्येक खटला तो आधी गिळायचा आणि मग सावकाश रवंथ करायचा.

"आठ शेर," गवा म्हणाला. "बराच मोठा व्यापार दिसतो."

"महाराज, त्यातले आठ शेर मीच आहे," येसू म्हणाली. "शेंडे मूठभरसुद्धा नसतील. मला वगळून मोजा की."

"तसं करता येत नाही. माल ज्यात मिसळलेला असेल त्याच्यासकट वजन धरावं, असं कलम आहे."

"पण मी काही माल नाही, महाराज. मी येसू आहे."

"तू मालात मिसळलेली आहेस."

येसू म्हणाली, "माझी पिल्लं अजून अंगावर पितात. सकाळपासून उपाशी असतील."

गव्याची रवंथ थांबली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खरोखर दयाळू होता, मुलांनो. "याचं मला फार वाईट वाटतं," असं तो म्हणाला आणि त्यानं तीन पावसाळे लिहिले.

येसूच्या शेजारी भागू नावाची घोरपड राहायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. संध्याकाळपर्यंत येसू आली नाही तेव्हा ती बिळात डोकावली. पिल्लं रडून रडून दमली होती. घोरपडीला दूध कुठलं? तिनं त्यांना मऊ किडे भरवून पाहिले. पिल्लांनी ते थुंकून टाकले. मग मावशी एका हरणीकडे गेली. त्या हरणीचं पाडस नुकतंच गेलं होतं. हरणी आली. पिल्लांचे काटे अजून कोवळे होते, तरी टोचायचे. ती डोळे मिटून उभी राहायची.

पावसाळा सरता सरता जंगलात आणखी एकाला गांजासह पकडलं. ते राजेसाहेबांचे भाचे होते. त्यांच्यामागे पाच रेडे चालले होते आणि प्रत्येक रेड्याच्या पाठीवर दोन-दोन पोती होती. तरसाची त्या दिवशी सुट्टी होती. नाक्यावर एक नवा मुंगूस शिपाई होता. त्याला भाचेसाहेब ओळखू आले नाहीत. पुढे त्याची बदली नदीपलीकडच्या माळावर झाली. तिथे गांजा नव्हता. तिथे काहीच नव्हतं.

भाचेसाहेबांची पोती कोर्टात आणली. कोर्टाचा तराजू दहा शेरांपर्यंतचा. पहिलं पोतं ठेवताच त्याची दोरी तुटली आणि पारडं खाली आलं.

"वजन किती भरलं?" गव्यानं विचारलं.

"मोजता आलं नाही, महाराज. तराजू तुटला."

"तुटण्यापूर्वी काय भरलं होतं?"

"तुटण्यापूर्वी काहीच नाही."

"मग लिहा, काहीच नाही. काहीच नाही म्हणजे मुठीपेक्षा कमी. मुठीपेक्षा कमी असेल तर तंबी." गव्यानं भाचेसाहेबांकडे मायेनं पाहिलं. "तुमचं वय लहान आहे. पुढे सगळं आयुष्य पडलंय. जपा."

"हो, काका," भाचेसाहेब म्हणाले.

आता जंगलात कुजबुज सुरू झाली. आठ शेरांना तीन पावसाळे आणि दहा पोत्यांना तंबी, हे सशांनासुद्धा पटेना. आणि ससे, मुलांनो, त्यांना काहीही पटतं.

जंगलात कुजबुज झाली की पोपट चर्चा भरवायचा. तळ्याकाठी एक सपाट खडक होता. रोज दुपारी त्यावर चर्चा सुरू झाली. विषय होता, 'गांजाचा कायदा न्याय्य आहे का?' एका बाजूला बगळा, एका बाजूला माकड, मध्ये पोपट.

बगळा एका पायावर उभा राहून बोलायचा. "आज शेंडे सोडलेत तर उद्या मुळं मागतील! कायदा सैल झाला तर आपल्या चिमुकल्या पिल्लांचं काय होईल, याचा विचार कुणी केलाय?" मध्येच मान खाली घालून तो एक मासा उचलायचा आणि पुन्हा पिल्लांकडे वळायचा.

माकड म्हणायचं, "नदीपलीकडच्या जंगलात बघा! तिथे कुणी कुणाला विचारत नाही. तिथे केवढी प्रगती आहे!" ते नदीपलीकडे कधी गेलं नव्हतं. त्याला पोहता येत नव्हतं.

हळूहळू जंगलाचे दोन तट पडले. बगळ्याकडचे डोक्यात पांढरं पीस खोचायचे, माकडाकडचे कानात हिरवं पान. पीसवाले पानवाल्यांच्या पाणवठ्यावर जाईनात. दोन सख्ख्या खारींनी एकमेकींशी बोलणं सोडलं. गांजा दोघींनीही कधी पाहिला नव्हता.

आठव्या दिवशी भागूमावशी खडकापाशी आली. गर्दीतून वाट काढत ती थेट पुढे गेली.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "येसूला कधी सोडणार?"

"कोण येसू?" पोपटानं विचारलं.

"अहो, जिच्यावरनं हे सगळं चाललंय ती."

माकडानं समजुतीच्या सुरात सांगितलं, "मावशी, आपण इथे तत्त्वाबद्दल बोलतोय. येसू हे एक प्रतीक आहे."

"प्रतीक नाही हो, साळू आहे. तिची धाकटी दारात बसून असते. उचलून आत नेली तरी परत दारात येते."

"पाहिलंत?" बगळा ओरडला. "गांजामुळे संसार कसे उद्ध्वस्त होतात!"

"गांजामुळे नाही, कायद्यामुळे!" माकड ओरडलं.

"गांजामुळे!"

"कायद्यामुळे!"

पोपटाला अतिशय आनंद झाला. इतकी रंगलेली चर्चा त्यानं पाहिली नव्हती. मग पिल्लांची पिण्याची वेळ झाली म्हणून मावशी निघून गेली. ती गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

चर्चा फारच वाढली तेव्हा राजेसाहेबांनी समिती नेमली. समितीवर एकटा गवा होता. तो त्या विषयावर पुढचा अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा निम्मा रवंथ करत राहिला. मग त्यानं ज्यांना कायद्याचा त्रास झाला आहे अशांना साक्षीला बोलावलं. येसूला बोलावता आलं नाही, कारण ती तुरुंगात होती. भाचेसाहेब आले.

"मीही या कायद्याचा बळी आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "माझी दहा पोती जप्त झाली. ती मला आजतागायत परत मिळालेली नाहीत. त्या दिवसांत माझं जेवणावरचं मन उडालं होतं. मी दिवसाला एकच हरीण खायचो."

सगळी सभा रडली. हरणंसुद्धा रडली.

कायदा बदलला. आता गांजा कुणीही बाळगावा, मात्र तो राजेसाहेबांचा परवाना असलेल्या दुकानातून घ्यावा. परवाना कुणाला द्यायचा, याची अट घातली गेली : अर्जदाराला मोठ्या मालाचा अनुभव असावा आणि त्याच्यावर कधीही गुन्हा सिद्ध झालेला नसावा. सगळ्या जंगलात असा अर्जदार एकच निघाला. बगळा विरोध करील असं वाटलं होतं. पण त्याला दुकानाच्या शुद्धता समितीवर घेतलं आणि त्यानं दुसरा पाय खाली टेकला.

जंगलात ढोल वाजले. येसूनं ते तुरुंगात ऐकले. तुरुंगावर एक म्हातारं अस्वल होतं.

"कसले ढोल हो, दादा?"

"कायदा बदलला. आता गांजा बाळगणं गुन्हा नाही."

येसू उठून उभी राहिली. "मग मी जाऊ?"

"कुठे?"

"घरी. गुन्हाच नाही म्हणता ना?"

"अगं, आजपासून नाही. तू केलास तेव्हा होता." अस्वलानं डोकं खाजवलं. त्यालाही ते नीट जमत नव्हतं. "असं बघ, तेच तू आज केलंस तर काहीच होणार नाही."

"मग आज करते."

"तू आत आहेस. आत आणायला मनाई आहे."

येसू खाली बसली. अस्वलानं त्या दिवशी आपल्या वाटचा अर्धा मध तिला दिला. तिनं तो खाल्ला नाही.

तिसरा पावसाळा संपला आणि येसू सुटली. ती चालत चालत उतरणीच्या पायथ्याशी आली. उतरणीला कुंपण पडलं होतं. आत झुडपं ओळीनं लावली होती. तिच्या बिळाच्या तोंडाशी भाचेसाहेबांचं दुकान होतं. बाहेर रांग होती आणि दारावर तरस उभा होता. फौजदारीतून निवृत्त होऊन तो दुकानाच्या राखणीला लागला होता.

"माझं बीळ आत आहे, साहेब," येसू म्हणाली.

तरसानं तिला ओळखलं. "तुला आत सोडता येणार नाही. जुना गुन्हा असलेल्यांना इथे मनाई आहे."

"कसला गुन्हा?"

"गांजा बाळगल्याचा." त्याच्या मागे पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती.

"आणि हे?"

"हा माल आहे," तरस म्हणाला.

रांगेत माकड उभं होतं. त्यानं येसूला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, येसूताई! तुमच्यावर मी अकरा भाषणं केली!" तेवढ्यात त्याचा नंबर आला आणि ते आत गेलं.

येसू ओढ्याकडे वळली. तिथे भागूमावशी पिल्लांना घेऊन उन्हाला बसली होती. पिल्लं कसली, चांगली मोठी झाली होती. खंडूनं परकी साळू येताना पाहिली आणि तो मागे सरून काटे फुलवून उभा राहिला.

"अरे, आई आहे तुझी," मावशी म्हणाली.

"माझी आई हरणी आहे," खंडू म्हणाला.

मंजुळा जवळ आली. तिनं येसूच्या पायाचा वास घेतला, मग मानेचा घेतला. बराच वेळ घेतला. मग तिला टेकून बसली. येसू हलली नाही. हललं तर ती उठून जाईल, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी येसूनं ओढ्यापलीकडे नवं बीळ उकरायला घेतलं. तिथली जमीन खडकाळ होती, नखं मोडत होती. मंजुळा खडे बाहेर ढकलत होती. खंडू सकाळभर लांब बसून बघत राहिला. दुपारी तो उठला, आला आणि माती बाजूला सारू लागला. येसूकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

एवढीच गोष्ट आहे, मुलांनो. आता ती पाठ करा आणि मोठेपणी वागताना लक्षात ठेवा.

तात्पर्य : गुन्हा कधी थोडा करू नये, आणि कधी वेळेआधी करू नये.