सहा बोटांचा हात आणि तीन तिरप्या रेघा

माझ्यासारखी नजर शतकातून एकदाच जन्माला येते. हे मी म्हणत नाही, माझ्या कार्डावर तसं छापलेलं आहे. मजकूर माझा असला तरी छापणारा तिऱ्हाईत होता, म्हणजे साक्ष निःपक्षपाती धरायला हरकत नाही. गल्लीत मला आदराने ‘भिंग’ म्हणतात. म्हणताना काही जण हसतात, पण थोर माणूस दिसला की कुणालाही आनंद होणारच.

माझं कार्यालय थोरल्या बहिणीच्या बेकरीमागे, पिठाच्या खोलीत आहे. अशिलांनी बसायला पोती आहेत. अजून कुणी बसलेलं नाही, त्यामुळे पोती अगदी नव्यासारखी राहिली आहेत.

त्या सोमवारी मात्र एका पोत्यावर स्वतः ताई येऊन बसली. चेहरा उतरलेला.

“डिझायनरकडे जाऊन आले,” ती म्हणाली. “एका लोगोचे जेवढे मागतोय ना, तेवढ्यात दुसरी भट्टी येईल रे.”

प्रकरण गंभीर होतं. ताईने रुग्णालयाच्या कँटीनमधली नोकरी सोडून ही बेकरी काढली होती आणि सगळी पुंजी भट्टीत घातली होती, म्हणजे भट्टी विकत घेण्यात. आता त्याच रुग्णालयातून खरेदीच्या बाई शुक्रवारी येणार होत्या. रोजचा पाव आमच्याकडून घ्यायचा की नाही, हे त्या ठरवणार. अट एकच: पाकिटावर बेकरीचं स्वतःचं ओळखचिन्ह पाहिजे. बिनखुणेचा माल त्यांच्या स्वयंपाकघरात चालत नाही. ऑर्डर मिळाली तर बेकरी तरली. नाहीतर भट्टी विकायची आणि जिथे राजीनामा तोंडावर टाकला त्याच कँटीनमध्ये मान खाली घालून परत जायचं.

“लोगो ठरला की पाटी करू म्हणून दुकानाला अजून पाटीसुद्धा नाही,” ताई म्हणाली. “आणि आपल्या घरात चित्रकलेचा आनंदच आहे.”

हे खरं होतं. शाळेत मी काढलेली गाय बघून मास्तर म्हणाले होते, “पलंग छान जमलाय.”

“ताई,” मी भिंग पुसत म्हणालो, “स्वस्तातला लोगो ही वस्तू जगात कुठेतरी दडून बसलेली आहे. दडलेली वस्तू शोधणं हा माझा धंदा.”

“अरे, पण मी म्हणते, पावावर—” गल्ल्यावरून मावशी बोलल्या. मावशी म्हणजे ताईच्या सासूबाई. त्यांना दिसतं सगळं, पण बोलायची वेळ चुकते.

“मावशी, तपास सुरू असताना साक्षीदारांनी आपणहून बोलायचं नसतं.”

मावशींनी सुटे पैसे जरा जोरात आपटले.

संध्याकाळपर्यंत मी इंटरनेटवरून गव्हाच्या लोंबीचं देखणं चित्र पैदा केलं. चक्क फुकट. विजयाच्या आनंदात दाढी करायला सलूनमध्ये गेलो, तर आरशावर तीच लोंबी! समोरच्या नळदुरुस्तीवाल्याच्या पिशवीवर तीच लोंबी! पलीकडे मांजरांचं खाणं विकणाऱ्याच्या दारावरही तीच, फक्त उलटी टांगलेली.

“आमचा लोगो चोरलास!” मी सलूनवाल्याच्या अंगावर ओरडलो.

“मी तीन वर्षांपूर्वी लावलाय,” तो वस्तरा पुसत म्हणाला.

लोगो मला सापडायच्या आधीच त्याने चोरला होता. एवढी पूर्वतयारी करणारा गुन्हेगार माझ्या पाहण्यात नव्हता.

“अहो भिंगसाहेब, फुकट चित्रं शोधली की पहिल्या पानावर पहिलं हेच येतं. पुढचं पान कोण उघडतो? तुम्ही उघडलंत?”

मी गाल पुढे केला. गळ्याशी वस्तरा असताना मी उलटतपासणी करत नाही.

मंगळवारी मी लोगो आपोआप बनवून देणारं ॲप गाठलं. ‘पाव धरलेला प्रेमळ हात’ असं त्याला सांगितलं. चित्र आलं. पाव सुरेख, हातही प्रेमळ, पण बोटं सहा. ‘एक बोट कमी कर’ म्हटलं, तर त्याने पाव काढून टाकला आणि बोटं सातवर नेली.

“गिऱ्हाइकाला वाटेल की पिठात काय पडलंय आणि कुणाचं पडलंय,” ताई म्हणाली. ती हसली नाही. इतर वेळी माझ्या फजितीवर ती पोट धरून हसते, त्यामुळे मला पहिल्यांदाच खरंखुरं वाईट वाटलं.

बुधवारी मी स्वतः पेन्सिल हातात घेतली. पावाचं चित्र काढून काचेवर चिकटवलं. तासाभरात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य खाली आले आणि ही दाढ विकत मिळेल का, असं विचारू लागले. मी ती विकली असती, पण ताईने माझ्याकडे असं पाहिलं की दंतवैद्य आल्या पावली जिना चढून गेले.

“पावावर बघ की रे एकदा—” मावशी.

“मावशी!”

आणि गुरुवारी प्रकरणाला ते भयंकर वळण लागलं. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात फळ्यावर आजचे पदार्थ लिहिलेले असतात. त्यातल्या दोन नावांपुढे खडूने तीन तिरप्या रेघा आणि खाली एक टिंब! मी मालकिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, “ही खूण कसली हो?”

“म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?” असं म्हणून ती मोठ्याने हसली. टोळीतली माणसं अशीच हसतात.

मग मला ती खूण जिकडेतिकडे दिसू लागली. एका घराच्या दारावर चिठ्ठी होती: ‘येताना दूध आणि’, पुढे शब्द नाही, तीन रेघा आणि टिंब. शिंप्याने शेजाऱ्याला हाक मारली आणि हवेत बोटाने तीन फटकारे मारून अंगठा दाबला. शेजाऱ्याने मान डोलावली आणि तो पिशवी घेऊन थेट आमच्या बेकरीच्या दिशेने निघाला! आमच्या बेकरीवर कुणाचा तरी डोळा होता. लोगो गेला खड्ड्यात, इथे ताईच्या जिवाशी गाठ होती. मी भट्टीजवळचं लांब दांड्याचं फळकूट उचललं आणि दुकानाच्या दारात पहारा दिला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे रोखून पाहिलं. गिऱ्हाईक कमी झालं ते त्यामुळेच, असं ताईचं मत पडलं.

शुक्रवार उजाडला. ताईने कोरी पाकिटं ओळीत मांडून ठेवली होती आणि हात पुन्हा पुन्हा ॲप्रनला पुसत होती. खरेदीच्या बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, त्यांनी फाईल समोर ठेवली. फाईलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेल्या तीन तिरप्या रेघा. खाली टिंब.

“ताई, मागे हो!” मी फळकूट उगारलं. “ह्याच त्या टोळीच्या म्होरक्या!”

ताईने डोळे मिटले. मेलेल्या मनाने माणूस मिटतो तसे.

तेव्हा मावशी गल्ल्यावरून उठल्या. माझ्या हातातून फळकूट काढून घेतलं, फळीवरचा एक गोल पाव उचलला आणि टेबलावर दाणकन ठेवला.

“भिंग आहे ना तुझ्याकडे? बघ मेल्या आता.”

मी पाहिलं. पावाच्या पाठीवर पात्याने मारलेले तीन तिरपे छेद होते. खाली अंगठ्याचा एक खळगा.

“छेद दिले नाहीत तर पाव भट्टीत वेडावाकडा फुटतो,” मावशी म्हणाल्या. “आणि पीठ नीट फुगलंय का, ते आमची सून अंगठा दाबून बघते. पहिल्या दिवसापासून. सोमवारपासून कोकलतेय मी, पावावर बघ, पावावर बघ!”

“म्हणजे हा पाव तुमचा?” खरेदीच्या बाई पुढे झुकल्या. “अहो, आमच्या नर्सनी मला हे चित्र काढून दिलंय. म्हणाल्या, घ्यायचा तर असला पाव घ्या. दुकानाचं नाव विचारलं तर कुणाला सांगता येईना. पाटीच नाही म्हणे. मी तुम्हाला हेच विचारणार होते, की हा कुठे मिळतो.”

ताई स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला वाटत होतं, माझ्या पावाला कोण ओळखतंय,” आणि तिला रडू फुटलं. मावशींनी पदराने तिचे डोळे पुसले आणि कुणी पाहत नाहीसं बघून स्वतःचेही. माझ्याही डोळ्यांत पीठ गेलं.

दुपारी शिक्के करणाऱ्याने तो पाव समोर ठेवून रबरी शिक्का कोरून दिला आणि मोबदला म्हणून तोच पाव खाल्ला. कोऱ्या पाकिटांवर ताई एकामागून एक शिक्के मारत सुटली. शनिवारी दुकानाला पाटी लागली. पाटीवर नाव बारीक आहे. रेघा मोठ्या.

अशा रीतीने मी हे प्रकरण तडीस नेलं. लोगो सापडला, टोळीचा बीमोड झाला, कारण त्यानंतर टोळी कुणालाही दिसलेली नाही. मी ताईला माझ्या मानधनाची आठवण करून दिली, तेव्हा तिने भट्टीतून नुकताच काढलेला एक पाव माझ्या हातावर ठेवला. माझी नजर तुम्हाला ठाऊकच आहे. तीन छेद जागच्या जागी होते, पण खाली खळगा नव्हता.

“मावशी, ह्यावर अंगठा नाही!”

“पीठ तयार झालंय का, ते बघायला अंगठा लावतात,” मावशी सुटे पैसे मोजत म्हणाल्या. “तुझ्या बाबतीत तिने बघायचं सोडून दिलंय.”

म्हणजे माझ्याविषयी ताईच्या मनात आता कसलीही शंका उरलेली नाही.