रोज परत येणारी गोरी बाई

आमच्या श्रुतीला कुठलंही काम सांगा, ती आधी त्याची पळवाट शोधते! पडद्याची शिवण उसवली, टाके घाल म्हटलं, तर माझ्या या नातीने स्टेपलर मारला. पहिल्या धुण्यातच पिना गंजल्या आणि पडद्याला देवी आल्यासारखे तांबडे डाग उठले!

तशी शिकलेली आहे हो. कॉम्प्युटरची पदवी आहे, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम इथे मांडवीत घरी बसून करते. मी चौथी नापास. पण घर कसं चालवायचं ते मला विचारा! या घरातून मुंगी साखर नेते तीसुद्धा मला सांगून. कॉम्प्युटर घरात आला तेव्हा मी छाती ठोकून म्हटलं होतं, त्यालाही शिस्त लावीन!

झालं असं. माझा मुलगा महेंद्र जयगडच्या बंदरात कामाला. तिथल्या कॅन्टीनला जेवण पुरवायचं काम निघालं आणि ते आमच्या सुजाता बचत गटाला हवं होतं. गटातल्या बायकांनी माझ्या शब्दावर मोठाली पातेली घेऊन ठेवलेली. काम हातचं गेलं असतं तर त्या पातेल्यांत पहिली मलाच शिजवली असती!

कॅन्टीनचे महिपतराव म्हणाले, "ऑर्डर मोबाईलवरून देता आली पाहिजे. तुमचं अ‍ॅप बघायला येतो."

"त्यात काय!" श्रुती म्हणाली. "साचा तयार मिळतो, आजी."

साचा म्हणजे कोणीतरी आधीच मांडून ठेवलेलं दुकान. ते उचलून आणायचं, पाटी बदलायची, माल बदलायचा. या दुकानात एक गोरी बाई तोंड फाडून बर्गर खात बसली होती. श्रुतीने तिला उठवलं आणि तिथे मला बसवलं. वर 'कमलाआजीची चूल' अशी पाटी. खाली घावणे, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, भरलेला बांगडा. मी इतकी ऐटीत दिसत होते की मलाच माझा धाक वाटला!

"आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचं हे हिरवं बटण कसलं गो?"

"ते दाबलं की मशीन सगळं अ‍ॅप नव्याने तयार करतं."

नव्याने! एवढं मी ध्यानात ठेवलं. सकाळी उठून मी अंगण झाडते, ओटा धुते, तसंच ते हिरवं बटणही दाबायला लागले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायच्या, मी समाधानाने खराटा उचलायची. कोणाला सांगितलं नाही. अंगण झाडलं म्हणून कोणी गावभर सांगतं का?

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळेला श्रुतीने किंकाळी फोडली.

"आजी! तू गेलीस!"

"कुठे गेले? ही काय तुझ्यासमोर उभी!"

"अ‍ॅपमधून गेलीस!"

बघते तर काय, माझ्या जागी गोरी बाई! दात विचकून बर्गर खातेय. घावणे नाहीत, पिठी नाही, बांगडा कुठच्या कुठे!

श्रुतीने सगळं पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर! श्रुतीने अ‍ॅपचा पासवर्ड बदलला, इतका लांब की तो तिलाच आठवेना. तिसऱ्या दिवशी बाई आहेच!

माझा संशय चिमावर. पलीकडच्या आळीतली, तिच्या गटालाही हेच काम हवं होतं. मी मासळी बाजारात तिला गाठलं.

"चिमे, माझ्या अ‍ॅपमध्ये का शिरतेस?"

"मी?" तिच्या हातातला बोंबील खाली पडला. "अगो कमलाबाय, मोबाईलची उजेडाची बॅटरी पेटली की ती विझवायला मी शेजारच्या पोराला हाक मारते! तुझ्या अ‍ॅपात कुठून शिरू?"

खरंच होतं. गेल्या आठवड्यात तिच्या ब्लाऊजमध्ये बॅटरी पेटलेली घेऊनच ती बाजार फिरली होती.

श्रुतीने मला धीर दिला. "घाबरू नको, आजी. सगळं मी गिट नावाच्या नोंदवहीत ठेवते. कोणी, कधी, काय बदललं, तिथे दिसतं. चोर सापडलाच समज."

तिने उघडलं, वरखाली पाहिलं आणि तिचा चेहरा वरणाच्या पाण्यासारखा फिका पडला.

"कोणीच नाही, आजी."

"म्हणजे काय?"

"कोणी हातच लावलेला नाही. पाऊलखूणसुद्धा नाही."

आता सांगते, आमच्या घरात भूतखेत, करणी, नजर यातलं काही मानत नाहीत. दर रविवारी विहारात बायकांना मीच हे ठणकावून सांगते. पण पाऊलखूण नाही म्हटल्यावर माझ्या पाठीवरून सुरमईसारखं काहीतरी गार गार सरकलं. मी मोठ्याने त्रिशरण म्हणायला लागले. भीतीने नव्हे, सवयीने!

मग मीच उपाय काढला. काम संपलं की लॅपटॉप लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. किल्ली माझ्या कमरेला. सकाळी माझ्याच हाताने लॅपटॉप काढायचा, टेबलावर ठेवायचा, झाडलोट, हिरवं बटण, मग श्रुतीला उठवायचं. एवढा बंदोबस्त तर बंदरावरसुद्धा नसेल!

तरी बाई आली.

किल्ली माझ्या कमरेला आणि बाई अ‍ॅपमध्ये! म्हणजे ही कुलपातून ये-जा करते! त्या दिवसापासून कपाटातून साडी काढायची असली की मी आधी खोकायची. कोणी असेल तर बाजूला व्हावं म्हणून.

असं करता करता महिपतराव यायचा दिवस उजाडला. पहाटेपासून घरात इतकी धांदल की अंगणही महेंद्रने झाडलं. श्रुतीने पुन्हा सगळं लिहून काढलं आणि बजावलं, "कोणी जवळ जायचं नाही!"

महिपतरावांनी जय भीम घातला, खुर्चीत बसले. गटातल्या बायका भिंतीला टेकून रांगेत, जशा काही निकाल ऐकायला कोर्टात आल्या. अ‍ॅप टीव्हीवर मोठं करून लावलेलं. मी टीव्हीत ऐटीत! श्रुती पाणी आणायला आत गेली, आणि मला आठवलं. आज बटण राहिलंच की! पाहुण्यासमोर पारोसं अ‍ॅप मांडायचं?

मी पदर खोचला, पुढे झाले आणि लॅपटॉपवरचं बटण दाबलं.

ओळी सरसरल्या. बायका कौतुकाने बघत होत्या. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी विरघळले, घावणे विरघळले, बांगडा विरघळला... आणि भिंतीएवढी गोरी बाई दात विचकून हसली!

मागे तांब्या आपटला. "आजी! काय दाबलंस?"

"रोजचंच!"

"रोजचं?"

श्रुती भिजलेल्या लादीवरच बसली. मग उलगडा झाला. दुकानाच्या मूळ फायली वेगळ्या. बटण दाबलं की मशीन त्यांच्यावरून तयार फायली बनवतं. आमच्या श्रुतीबाईंनी घाईत मला आणि बांगड्याला त्या तयार फायलींतच नेऊन चिकटवलं होतं! मी रोज बटण दाबलं की मशीन मुळावरून सगळं पुन्हा बनवायचं, आणि मुळात तर गोरी बाईच बसलेली! बरं, तयार फायली मशीन पुन्हा बनवतंच, म्हणून त्या गिटमध्ये ठेवूच नयेत असं त्या साच्यातच ठरवलेलं. मग कसली नोंद नि कसली पाऊलखूण!

मला मात्र बायकांच्या डोळ्यांत पातेली दिसत होती. पाणी उकळत होतं. महिपतराव चष्मा वर करून टीव्हीकडे बघत राहिले.

"मावशी, हे बर्गर तुम्ही करता?"

माझी जीभ माझ्याआधी बोलली. "करतो तर! रोज!"

मागे कोणाला तरी उचकी लागली.

"बेस! पोरं मासे-भात खाऊन कंटाळलीत. आठवडाभर हेच पाठवा, मग बघू."

काम मिळालं! माझ्या घावण्यांना कोणी विचारलं नाही, माझ्या चेहऱ्याला तर नाहीच. महिपतराव गेले तशा बायका बर्गर कशाचा करतात ते विचारायला माझ्यावर तुटून पडल्या. श्रुती मात्र एका कोपऱ्यात खुदुखुदु हसत होती.

"बघ आजी, पळवाटेनेच काम मिळालं की नाही?"

मग मी सगळ्या गटासमोर तिला सुनावलं.

"हसू नको! पिठात मीठ घालायला विसरलीस, आणि रोज भाजलेल्या भाकरीवर वरून भुरभुरवत बसलीस. मी बापडी रोज नवी भाकरी थापत होते, तर तू गिटमध्ये चोर शोधत होतीस! जा, आधी मुळातलं पीठ नीट मळ. तोवर या घरात बटण मीच दाबणार!"