सलग तेरा रविवार गैरहजर

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गर्दी कमी होऊ लागली, याची पंचमंडळींनी गंभीर दखल घेतली. गंभीर दखल म्हणजे उपसमिती. तिचं नाव ‘पाहुणे वादक निमंत्रण, स्वागत व आभार उपसमिती’ आणि तिचा चिटणीस मी. मिरवायला सांगत नाही. इतिवृत्तात तसं लिहिलंय, आणि इतिवृत्त मीच लिहितो.

अडचण एकच होती: माझी सख्खी आत्या. सगळं चर्च तिला पेटीबाई म्हणतं, कारण चौतीस वर्षं दर रविवारी तिने पायपेटी वाजवली. पायाने भाता हलवायचा, हाताने पट्ट्या दाबायच्या आणि मंडळी गाता गाता सूर सोडून पळाली की मान वर करून असं बघायचं, की सूर मुकाट्याने परत यायचा. पण आता पाहुण्यांच्या खुर्चीला जागा हवी होती. तेव्हा पायपेटी तात्पुरती सामानाच्या खोलीत हलवली, झाडू आणि मोडक्या स्टुलांच्या शेजारी.

“तात्पुरती म्हणजे किती दिवस?” आत्याने विचारलं.

“ते पुढच्या बैठकीत ठरेल.”

“आणि बैठक कधी?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

“अरे गाढवा, भाता हलता ठेवला नाही तर त्याचं कातडं वाळून चिरतं,” आत्या म्हणाली. “माझंही तसंच आहे. मला वाजवायचंय रे, आणि माझ्यामागे लोकांनी गायला हवंय. एवढंच मागतेय.”

मी तिची मागणी नोंदवून घेतली. इतिवृत्तात ती ‘इतर विषय’ या सदरात आहे.

पहिल्या रविवारी दोन व्हायोलिनवाले आले, दुसऱ्या रविवारी बासरीवाली आणि तिसऱ्या रविवारी ट्रम्पेट घेतलेले एक धिप्पाड गृहस्थ. त्यांनी फुंकल्याबरोबर खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि पहिल्या बाकावरचे आजोबा चार वर्षांत प्रथमच प्रवचनभर जागे राहिले. गर्दी दुप्पट झाली. अहो, काय सांगू! मला तर चालताना जमीन लागत नव्हती.

मग व्हायोलिनवाल्यांची तक्रार आली की मंडळी मधेच गाऊ लागतात, त्यामुळे वादनात व्यत्यय येतो. तक्रार रास्त होती. आम्ही फलक लावला: ‘मंडळींनी मनातल्या मनात गावे.’ शिवाय पाहुण्यांच्या परिचयाला पंधरा मिनिटं आणि आभारांना दहा मिनिटं जायची, म्हणून प्रवचन चार मिनिटांवर आणलं.

पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “चार मिनिटांत मी जेमतेम पापापर्यंत पोचतो हो. क्षमा राहूनच जाते.”

“क्षमा पुढच्या रविवारी घ्या,” मी म्हणालो.

पाहुण्यांचा मान मात्र आम्ही कुठे कमी पडू दिला नाही. गादीची खुर्ची, फुलांचा गुच्छ, बशीसकट कपात चहा. मंडळींना चहा कागदी पेल्यात, तोही उरला तर. परिचयात ‘ख्यातनाम’, ‘सिद्धहस्त’ आणि ‘आपल्या अतिव्यग्र दिनक्रमातून’ हे शब्द प्रत्येकासाठी राखीव होते.

आमच्या बेकरीवाल्याला हे पाहवेना. “मी तीस वर्षं त्या लाकडी बाकावर झिजतोय,” तो म्हणाला, “मला कधी कुणी सिद्धहस्त म्हणालं? मी माउथ ऑर्गन वाजवतो. लिहा माझं नाव!”

प्रश्न धोरणात्मक होता. घरचा माणूस पाहुणा कसा होणार? उपसमितीने तीन बैठका घेऊन व्याख्या केली: ‘पाहुणा म्हणजे जो सलग तेरा रविवार उपासनेस आलेला नाही असा.’ चोख व्याख्या. तिच्यात सुई शिरायला जागा नव्हती.

बेकरीवाला दुसऱ्याच रविवारी गायब झाला. पाठोपाठ दाताचे डॉक्टर, शिंपी, सगळे पंच, पहिल्या बाकावरचे आजोबा. एका आठवड्यात साठ अर्ज! वाजवता येतं का, हा प्रश्न अर्जात नव्हता. माझ्या बायकोनेही अर्ज दिला. “घरी तर तुम्ही कधी चहा विचारत नाही,” ती म्हणाली, “निदान तिथे तरी द्याल.” सर्वांत शेवटी पाळकसाहेबांचा अर्ज आला. पाहुण्याला वादनासाठी वीस मिनिटं मिळतात आणि त्यात प्रवचनही बसतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

अर्थात मीही अर्ज केलाच. पण मला तर हजेरी घ्यायची होती. मग मी वही घेऊन फाटकाबाहेर उभा राहू लागलो. नियमाप्रमाणे फाटकाबाहेर म्हणजे गैरहजर. बाहेरगावच्या वादकांनी रिकामे बाक पाहून येणं सोडलं. आत फक्त आत्या जायची. बाकावर बसून प्रार्थना करायची, मग सामानाच्या खोलीत जाऊन झाडूंच्या सोबतीने पायपेटी वाजवायची. मी वहीत लिहायचो: उपस्थिती, एक. सूर मात्र फाटकापर्यंत यायचे. कान गैरहजर ठेवण्याची तरतूद नियमात नव्हती.

अर्ज एकाच आठवड्यातले, म्हणून सगळ्यांचे तेरा रविवार एकाच दिवशी भरले. चौदाव्या रविवारी साठ पाहुणे थडकले! ढोल, माउथ ऑर्गन, कुणाच्या हातात कागद गुंडाळलेला कंगवा. सगळे त्या एका गादीच्या खुर्चीवर तुटून पडले. शिंप्याच्या मांडीवर दाताचे डॉक्टर, त्यांच्या मांडीवर पाळकसाहेब.

“शिस्त! शिस्त!” मी ओरडलो. “आधी स्वागत!”

पण नियमानुसार स्वागत मंडळींपैकीच कुणी करायचं असतं. मी यादी काढली. मंडळी म्हणून एकच नाव शिल्लक होतं. ते शेवटच्या बाकावर बसून चष्मा पुसत होतं.

“आत्या,” मी म्हणालो, “तुला साठ जणांचं स्वागत करायचंय.”

“करते की. आधी माझी पेटी आणा.”

साठ ख्यातनाम कलावंतांनी घाम गाळत पायपेटी बाहेर आणली. आत्या तिच्यापुढे बसली. “आता गा,” ती म्हणाली.

“पण पाहुणे वाजवतात, गात—”

“मंडळी कोण? मी. मग माझ्या घरात पाहुणे गातील. तोंडं उघडा!”

आणि भाता हलला हो! साधं, जुनं, पाठ असलेलं गीत. दुसऱ्या कडव्यात आम्ही शब्द विसरलो आणि सूर पळाला. आत्याने मान वर केली, सूर परत आला. बेकरीवाला रडत होता. मी इतका आनंदात होतो की माझं गाणं मनातल्या मनात मावेना.

नंतर दारात उभी राहून आत्याने प्रत्येकाचा हात हातात घेतला. “पुढच्या रविवारी याल ना?” ती विचारत होती. “पुढच्या रविवारी मात्र घरचे म्हणून. कागदी पेल्यात चहा मिळेल.”

साठही जण म्हणाले, “बघू.”

तो पुढचा रविवार आज. वहीत लिहिलंय: उपस्थिती, एक. मी चिटणीस, तेव्हा फाटकापाशीच आहे. आत आत्या वाजवतेय, आणि कोणी गात नाही.

हसा, हसा आमच्यावर. पण तिची पेटी तुम्हालाही इथून ऐकू येतेय ना? म्हणजे तुम्हीही फाटकाबाहेरच आहात. जरा सरकून उभे राहा, मला वही धरायला जागा नाही.